टबाचं पॅनल टाइल करायचंय, पण उद्या उघडावं लागलं तर?

या वेळी बाथटबच्या पुढच्या पॅनलवर बरेच प्रश्न आलेत, त्यातले एकमेकांना जोडून असलेले इथे एकत्र घेतलेत. पहिलं उत्तर लांब झालंय कारण बाकीच्यांचं मूळ त्यातच आहे.

प्रश्न: बाथरूमच्या भिंतींना नवीन टाइल्स लावल्यात, आता टबाच्या पुढचं पांढरं प्लास्टिकचं पॅनल फार विसंगत दिसतं. त्याच टाइल्स तिथेही लावायच्यात. मिस्टर म्हणतात प्लास्टिकवरच चिकटवून टाकू, प्लंबर म्हणतो टाइल लावली की मला पुन्हा आत हात घालता येणार नाही, मग मला बोलवू नका. कोणाचं ऐकायचं?

उत्तर: प्लंबरचं अर्धं ऐका. मिस्टरांचं या बाबतीत अजिबात नको. ते प्लास्टिक पातळ असतं, गुडघा टेकला तरी आत दबतं, आणि टाइलला वाकणं जमत नाही, त्यामुळे आधी ग्राउटला (टाइल्सच्या मधल्या सांध्यात भरतात त्या मसाल्याला) बारीक भेगा जातात, मग एखादी टाइल ठोकल्यावर पोकळ वाजायला लागते आणि शेवटी निघूनच येते. जुनं पॅनल फेकू मात्र नका, नव्या बोर्डवर ठेवून पेन्सिल फिरवली की माप तयार.

राहिला उघडण्याचा प्रश्न. या कामात टाइल लावणं हा सोपा भाग आहे, खरी परीक्षा आहे ती लावलेलं पॅनल न तोडता बाहेर काढण्याची, आणि ते कसं निघणार हे पहिली टाइल चिकटवायच्या आधी ठरलेलं पाहिजे.

पहिलं म्हणजे वजन. साधारण १७०० मिमी लांब आणि ५०० मिमी उंच पॅनल धरा, म्हणजे ०.८५ चौरस मीटर. ९ मिमीची पोर्सिलेन टाइल चौरस मीटरला वीसेक किलो भरते, म्हणजे टाइल्सच १७-१८ किलो झाल्या, ॲडहेसिव्ह २-३ किलो, आणि मागे १२ मिमीचा सिमेंट बोर्ड घेतला तर त्याचे अजून १२-१३ किलो. तीस किलोच्या पुढे गेलो की नाही! एवढी लांबलचक वस्तू टब आणि कमोडच्या मधल्या चिंचोळ्या जागेत वाकून उचलायची, तीसुद्धा खाली पाणी साठलेलं असताना, कारण पॅनल उघडायची वेळ बहुतेक तेव्हाच येते. म्हणून माझं स्पष्ट मत असं की पूर्ण पॅनल निघणारं करू नका, बहुतेक भाग पक्का बसवा आणि जिथे काम पडणार तेवढाच तुकडा निघणारा ठेवा.

कुठे काम पडणार? टबाच्या ओव्हरफ्लोच्या भोकाखाली बघा (जास्त झालेलं पाणी जातं ते वरचं भोक), त्याच टोकाला वेस्ट, म्हणजे टबाचं पाणी सोडायचं तोंड, आणि त्याखालचा ट्रॅप, म्हणजे वास वर येऊ न देणारा वाकडा पाइप, असतो. नळ टबावरच बसवलेले असतील तर त्यांचे पाइप आणि व्हॉल्व्हही, आणि ते दर वेळी त्याच टोकाला असतात असं नाही, तेव्हा आत्ता जुनं पॅनल उघडं आहे तोवर टॉर्च घेऊन आडवे व्हा, नीट बघा आणि फोटो काढून ठेवा. उघडणारा तुकडा ४०० ते ४५० मिमीचा तरी हवा. नुसता हात जाऊन भागत नाही, हातात पाना असतो आणि त्याच वेळी आतलं दिसायलाही हवं. एवढा तुकडा हलक्या बोर्डवर केला तर पाच-सहा किलोत होतो, एका माणसाचं काम.

बोर्ड कोणता? साधा एमडीएफ आणि साधा जिप्सम बोर्ड तिथे नको, एकदा ओल लागली की फुगले. मरीन प्लाय चालतो, पण कापलेल्या कडा आणि मागची बाजू सील केलेली पाहिजे, लोक पुढून सगळं करतात आणि मागे विसरतात, आणि ओल येते मागूनच. निघणाऱ्या तुकड्यासाठी मी फोमचा गाभा आणि वर सिमेंटचा थर असलेला टाइल बॅकर बोर्ड घेईन, तो सिमेंट बोर्डाच्या मानाने अगदीच हलका असतो आणि पाण्याने त्याला काही होत नाही. एकच गोष्ट, त्यात स्क्रू धरत नाही, त्यामुळे तुकडा जागेवर धरून ठेवणारे मॅग्नेट किंवा कॅच जिथे लावायचे तिथे मागून प्लायचे तुकडे चिकटवावे लागतात.

मागची फ्रेम लाकडी पट्ट्यांची असो की ॲल्युमिनियमची, तिची उभी पट्टी दर ३००-४०० मिमीवर हवी आणि निघणाऱ्या तुकड्याच्या चारी बाजूंना आधार हवा. फ्रेम जमिनीला आणि भिंतीला पकडा, टबाच्या पायांना नाही. आणि टबाचं वजन पॅनलवर येऊ देऊ नका. ॲक्रिलिकचा टब पाणी भरल्यावर थोडा खाली बसतो (मोठ्या टबात दोनशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, वर माणूस), त्याची कड टाइलवर टेकली तर एक तर टाइल जाते नाहीतर टब कुरकुरायला लागतो. वर ३ मिमी फट सोडा, तिथे सिलिकॉन भरायचं, ग्राउट नाही. आणि ते सिलिकॉन टब पाण्याने भरून ठेवून मग भरा, सुकेपर्यंत पाणी तसंच राहू दे.

फ्रेम किती आत घ्यायची याचं गणित कागदावर करा. बोर्ड १२ मिमी, ॲडहेसिव्ह ३, टाइल ९, झाले २४. टाइलचा चेहरा टबाच्या कडेच्या दोन-तीन मिमी आत राहिला पाहिजे, म्हणजे कडेवरून ओघळणारं पाणी टाइलच्या डोक्यावर न बसता पुढे पडतं. मग फ्रेमची पुढची बाजू कडेपासून २६-२७ मिमी आत आली. आधी फ्रेम ठोकून मग टाइल निवडणारे बरेच आहेत, त्यांची टाइल टबाच्या बाहेर डोकावते आणि तिथे कायमची काळी रेघ बसते.

आता सांधे. निघणाऱ्या तुकड्याची कड टाइलच्या जॉइंटवरच आली पाहिजे, म्हणजे दरवाजा आहे हे कोणाला कळतही नाही. त्यासाठी आधी टाइल्सची मांडणी ठरवा आणि मग त्या मापाने बोर्ड कापा, उलटं नाही. कोरडं मांडून बघा, स्पेसर घालून, सगळ्या टाइल्स जमिनीवर पसरून. बाथरूमच्या फरशीला उतार असतोच, त्यामुळे खालची ओळ तिरकी कापावी लागते, म्हणून पूर्ण टाइल वर आणि कापलेली खाली ठेवा, वरची रेघ पाणसळीत दिसली की खालचा तिरकेपणा कोणी बघत नाही.

तुकडा खाली कशावर उभा राहणार तेही बघा. जमिनीपासून ४-५ मिमी वर राहील अशा दोन प्लास्टिकच्या चकत्या ठेवा, त्यावर तुकडा उभा करायचा आणि वरून आत ढकलायचा. काहींना वाटतं की पॅनल आत फिरायला वर खूप जागा लागत असेल. ५०० मिमी उंच आणि २४ मिमी जाड तुकड्याचा कर्ण उंचीपेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जास्त येतो, त्यामुळे ३ मिमीची फट पुरून उरते.

आणि बाहेर काढायचा कसा? गुळगुळीत टाइल असेल तर काच उचलायचा व्हॅक्यूमचा कप लावायचा आणि वरच्या भागाला धरून स्वतःकडे ओढायचं, बस. खडबडीत किंवा लाकडासारख्या रेघा असलेल्या टाइलवर तो कप धरत नाही, हवा शिरते. अशा वेळी एका उभ्या जॉइंटमध्ये पातळ पत्र्याचा हुक जाईल एवढी जागा ठेवा, किंवा सरळ एक छोटी मूठ लावा, दिसली तर दिसली. टाइल्स लावून ग्राउट झाल्यावर आणि सिलिकॉन भरायच्या आधी तुकडा स्वतःच्या हाताने आत-बाहेर करून बघा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी करून घ्या. तुम्ही गावाला गेलेले असताना गळती सुरू झाली तर उघडणार तेच लोक आहेत.

प्रश्न: मी तुम्ही म्हणता तसंच छोटं पॅनल केलंय, मागे चार दणदणीत मॅग्नेट लावलेत, पाकिटावर प्रत्येकी ८ किलो लिहिलंय आणि पॅनल फक्त ६ किलोचं आहे. तरी दोन-तीन दिवसांत हळूहळू खाली सरकतं. मॅग्नेट डुप्लिकेट आहेत का?

उत्तर: मॅग्नेट ठीक असणार. पाकिटावरचा आकडा हा जाड लोखंडी पट्टीवर मॅग्नेट थेट चिकटवून सरळ आपल्याकडे ओढला तर किती जोर लागतो त्याचा असतो. तुमचं पॅनल मॅग्नेटला सरळ ओढत नाहीये, खाली घसरवतंय, आणि घसरण्याला विरोध करायची ताकद त्या आकड्याच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढीच धरावी. म्हणजे ८ चे दीड झाले, चारांचे सहा-साडेसहा, तुम्ही अगदी काठावर आहात. त्यात मधे रंगाचा थर, गोंदाचा थर, पातळ पत्रा असं काही आलं की जोर अजून उतरतो, अर्ध्या मिलिमीटरची फटसुद्धा जाणवते.

यावर अजून चार मॅग्नेट लावणं हे उत्तर नाही, मग ते निघायचंच नाही आणि ओढताना पॅनलऐवजी टाइलच तुमच्या हातात येईल. वजन खालून पेला, चकत्या किंवा ॲल्युमिनियमचा छोटा कोन, आणि मॅग्नेटला फक्त पॅनल पुढे पडू न देण्याचं काम राहू दे. तेवढ्याला चार सोडाच, वरचे दोन आणि खाली एक पुरतो. मॅग्नेटसमोरची पट्टी साधी लोखंडी असेल तर ती त्या ओलीत गंजणार, तिला रंग किंवा वार्निशचा पातळ हात द्या. स्टीलची पट्टी आणायला गेलात तर आधी मॅग्नेट चिकटवून बघा, भांड्यांच्या बऱ्याच स्टीलला मॅग्नेट लागतच नाही.

प्रश्न: १२ मिमी प्लायवर टाइल्स लावल्या, नेहमीचं सिमेंट ॲडहेसिव्ह वापरलं, पाच-पाच गोळे लावून दाबल्या. दोन महिन्यांत सगळ्या उभ्या जॉइंटचं ग्राउट फुटलंय. ग्राउट बदलू का?

उत्तर: ग्राउट कितीही बदला, ते परत फुटणार. उभ्याच जॉइंटना भेगा आहेत म्हणजे प्लाय लांबीच्या दिशेने वाकतोय, मागे उभ्या पट्ट्या लांब-लांब असणार. हाताने मध्यावर दाबून बघा, हललं तर तेच. त्यात दोन गोष्टी तुम्हीच सांगितल्यात. एक, साधं ॲडहेसिव्ह. लाकूड ओलीने फुगतं-आकसतं, त्यावर लवचिक ॲडहेसिव्हच लागतं, पिशवीवर सी२ आणि पुढे एस१ असं लिहिलेलं, त्यातलं एस१ म्हणजे सुकलेला थर किमान अडीच मिलिमीटर वाकून न तुटणारा अशी चाचणी झालेली असते. दोन, गोळे. पाच गोळ्यांच्या मधे टाइल नुसती हवेत असते, आणि त्याच पोकळीत पाणी जाऊन बसतं. दात्यांच्या थापीने पूर्ण थर ओढायचा, सगळ्या रेघा एकाच दिशेने, मग टाइल दाबून थोडी हलवायची. एक टाइल मुद्दाम उचलून मागे बघा, सगळीकडे ॲडहेसिव्ह लागलेलं दिसलं पाहिजे.

तुमच्याकडे आता दोनच रस्ते. पॅनल निघत असेल तर काढून मागे उभ्या पट्ट्या वाढवा आणि मग ग्राउट खरवडून लवचिक ग्राउट भरा, टाइल्स अजून घट्ट असतील तर एवढ्यावर निभावेल. टाइल्स पोकळ वाजत असतील तर नव्याने करा, त्यात उगाच जीव अडकवू नका.

प्रश्न: आमच्याकडे मिस्त्रीने टबाच्या पुढे विटांची भिंत बांधून पूर्ण टाइल करून टाकलीये, कुठेही उघडायला जागा नाही. आता खालच्या मजल्यावर छताला ओल आलीये. सगळं फोडावं लागेल का?

उत्तर: सगळं नाही. पण आधी हे बघा की गळती टबाच्या खाली आहे की वर. टब एक दिवस कोरडा ठेवा, मग आत न बसता, भिंतीवर पाणी न उडवता, फक्त भरा आणि सोडून द्या. भरलेला असताना ओल वाढली तर वेस्टच्या जोडाकडे संशय, सोडताना वाढली तर ट्रॅप आणि पुढचा पाइप, आणि दोन्ही वेळा काहीच झालं नाही पण शॉवर घेतल्यावर ओल दिसली तर बहुतेक वेळा टब आणि भिंतीच्या मधलं सिलिकॉन सुटलेलं असतं, त्याला काही फोडायची गरजच नाही. ओव्हरफ्लोपर्यंत पाणी चढवूनही एकदा बघा, त्याचा मागचा वॉशर सुकून गेलेला पुष्कळदा सापडतो. आणि टब रिकामा, नळ बंद असतानाही ओल वाढतच असेल तर नळाच्या पाइपकडे बघायला लागेल, तिथे पाण्याला सतत प्रेशर असतं.

आतलंच असेल तर वेस्टच्या भोकाच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढंच अंतर बाहेर टाइलवर खूण करा. त्या खुणेच्या दोन्ही बाजूंचे जॉइंट निवडा. ग्राउट काढायला थरथरणाऱ्या ब्लेडचं मल्टिटूल घ्या, ग्राइंडर नको, तो एका झटक्यात शेजारच्या टाइलवर जातो आणि धूळही बेसुमार उडवतो. मास्क तरीही लावाच, सिमेंट आणि विटेची बारीक धूळ फुप्फुसाला वाईट. निघालेल्या टाइल्सपैकी एखादी तुटणार हे धरून चाला, तसल्या शिल्लक टाइल्स माळ्यावर आहेत का ते काम काढायच्या आधी बघा. मग विटा काढायच्या त्या वरून सुरुवात करून, छोट्या छिन्नीने, सांध्यातून, आणि टबाकडे घाव जाणार नाही असं धरून. वरच्या विटा लटकत असतील तर त्यांच्याखाली पट्टी द्या.

गळती दुरुस्त झाली की लगेच बंद करू नका, काही दिवस उघडं ठेवा, आतली ओल जाऊ दे आणि जोड कोरडा राहतो ना ते कळू दे. मग त्या भोकात फ्रेम आणि वर सांगितलंय तसा निघणारा तुकडा. परत विटा लावून देतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला चहा पाजा आणि घरी पाठवा.

प्रश्न: निघणाऱ्या तुकड्याभोवती सिलिकॉन भरलं तर दर वेळी कापावं लागेल ना? मग मॅग्नेटचा उपयोग काय?

उत्तर: कापावं लागेल, हो. पण वर्षा-दोन वर्षांतून एकदा उघडायचं असेल तर ब्लेड फिरवून कापणं आणि परत एक रेघ भरणं हे काही फार काम नाही. बदल्यात पाणी आत जात नाही आणि ग्राउटच्या रंगाचं सिलिकॉन घेतलं तर जॉइंट वेगळा दिसतही नाही. फटीत आधी फोमची बारीक दोरी दाबा, म्हणजे सिलिकॉन वरच्यावर राहतं आणि आत फ्रेमला चिकटून बसत नाही, ती दोरी नसली की कापताना ब्लेडच्या खाली काय चाललंय ते कळत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, सिलिकॉन ओढून झालं की ते ओलं असतानाच टेप काढायचा. बुरशीरोधक आणि न्यूट्रल असं लिहिलेलं घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन संगमरवराला आणि मागच्या लोखंडी पट्ट्यांना चांगलं नाही. आणि मॅग्नेट यासाठी की सिलिकॉन कापल्यावर पॅनल पायावर पडू नये. खालची कड मात्र मोकळी ठेवा, आत गळती झाली तर पाण्याला तिथून बाहेर यायला जागा हवी, म्हणजे ती तुम्हाला वेळेत दिसेल.

प्रश्न: टबाला जकूझीची मोटर आहे. तिच्यासमोरही टाइल चालेल?

उत्तर: चालेल, पण निघणारा तुकडा मोटरसमोर हवा, ट्रॅपसमोर वेगळा, आणि मोटरला हवा लागते. टबाच्या माहितीपत्रकात किती मोठं उघडणारं दार आणि कुठे जाळी हवी ते दिलेलं असतं, त्यापेक्षा लहान करू नका, मोटर बदलायची झाली तर ती अख्खी त्यातून बाहेर यायला हवी. वायरिंगचं काम इलेक्ट्रिशियनकडूनच, लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच) आहे ना विचारून घ्या, आणि पॅनल उघडायच्या आधी मेन बंद.

प्रश्न: टबाच्या दोन बाजू उघड्या आहेत, कोपऱ्यावर टाइलच्या कडा ४५ अंशात घासून जोडू का? दिसायला तेच सुंदर दिसतं.

उत्तर: पक्क्या भिंतीवर सुंदर दिसतं. निघणाऱ्या पॅनलवर ती घासलेली कड पहिल्याच वेळी जमिनीला लागून टवका उडतो, कारण टोकाला ग्लेझचा जेमतेम एक मिलिमीटर उरलेला असतो. ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची ट्रिम, म्हणजे कोपऱ्याची पट्टी, घ्या, टाइल ९ मिमीची असेल तर १० ची, आणि ती आखूड बाजूच्या पॅनलवर लावून ती बाजू कायमची पक्की करा. लांब बाजूची टाइल त्या ट्रिमपर्यंत सरळ येऊन थांबेल, मधे २ मिमी सिलिकॉन. उघडताना ट्रिमला हातही लागणार नाही.